कानांवर विसंबलेलं बेट

मी वाऱ्याची पिशवी बोलतेय. नॉर्वेच्या उत्तरेला स्कारवोय नावाच्या बेटावर एक आखूड धावपट्टी आहे. तिच्या कडेला, खांबाच्या टोकाशी मी लटकते. नारिंगी-पांढरे पट्टे, दोन्ही तोंडं उघडी. वारा माझ्यात शिरतो आणि तो कुठून आला हे मी सांगते. वैमानिक माझ्याकडे बघतात. बाकी कुणी बघत नाही.

जिने मला शिवलं, तिने टाके दुहेरी घातले. "ही पुष्कळ टिकेल," असं ती म्हणाली होती. मी टिकले, म्हणून सगळं बघावं लागलं.

इथल्या माणसांना एक खोड आहे. विमानासाठी कुणी घड्याळ बघून निघत नाही. स्वयंपाकघरात कॉफी पीत बसायचं आणि छपरावर घरघर ऐकू आली की बॅग उचलायची. विमान उतरून, वळून उभं राहीपर्यंत गाडीने पोचता येतं. याचा केवढा तोरा! बाहेरचा कुणी लवकर येऊन बसला की विचारतात, "काय रे, रात्री इथेच झोपलास की काय?"

पण विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं आणि उडतं. गाव धावपट्टीच्या पूर्वेला, म्हणून वारा पश्चिमेचा असला तरच ते गावावरून येतं. पूर्वेचा वारा असला की ते समुद्राकडून उतरतं आणि त्याचा आवाजही वाऱ्याबरोबर समुद्रावर निघून जातो. गावात चाहूलसुद्धा लागत नाही.

आर्नफिन मेंढ्या पाळायचा. त्याची बायको मागन्हिल शहरातल्या इस्पितळात होती. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. विमानतळावर तिकिटं तपासणारी आणि बॅगा चढवणारी योरुन ही त्याची भाची. दुपारी माझ्या खांबाखाली उभं राहून तिने मामाला फोन केला.

"मामा, आज जरा लवकर निघ. आत नेण्याआधी तू समोर हवास, एवढंच मागितलंय मामीने."

"तू पाळण्यात होतीस तेव्हापासून विमानं पकडतोय मी! ऐकू आलं की निघतोच. कॉफी आत्ताच ओतलीय."

"तू आणि तुझी कॉफी!" ती हसली आणि फोन ठेवला. माझं तोंड तेव्हा पूर्वेकडे होतं, वारा तिकडूनच येत होता. माझ्या खाली उभी असूनही तिने मान वर केली नाही.

विमान समुद्राकडून उतरलं. योरुन बॅगा चढवताना सारखी रस्त्याकडे बघत होती. वैमानिक म्हणाला, "वारा वाढतोय, मला थांबता येणार नाही." दार लागलं. विमान पूर्वेकडे उडालं, थेट गावावरून.

मग आर्नफिनची गाडी आली. इस्तरीचा कोट, हातात बायकोसाठी तपकिरी चीजचा डबा.

"बघ, आलो की नाही वेळेवर? आत्ताच गेलं माझ्या छपरावरून!"

योरुन म्हणाली, "मामा, ते येत नव्हतं. ते निघालं होतं."

"मग... संध्याकाळचं?"

तिने वर बघितलं, मग त्यानेही. वाढलेल्या वाऱ्याने मी काठीसारखी ताठ झाले होते. संध्याकाळचं विमान आलं नाही. शहराला जाणारी बोटही सुटली नाही.

मागन्हिल शस्त्रक्रियेतून उठली नाही.

तिला घेऊन विमान यायचं होतं, त्या दिवशी विमानतळाचं कुलूप उघडायच्या आधीच आर्नफिन दाराशी उभा होता. कुणी हसलं नाही. काही दिवस सगळेच लवकर यायचे. आता पुन्हा कॉफी आणि कान.

माझा रंग उडालाय, कड फाटलीय. बर्फ वितळला की मला उतरवतील. लहान विमानतळावरून जाणार असाल तर एवढं ऐका: विमान लहान असलं म्हणून ते तुमच्यासाठी थांबत नाही. घड्याळ बघून निघा. कुणी तुमची वाट बघत असेल तर आदल्या दिवशीच जा, कारण दुसरं विमान येईलच असं नाही. आणि निघण्याआधी वारा बघा.

आर्नफिन हल्ली कुठेच जात नाही. पण पूर्वेचा वारा सुटला की कुंपणाशी येतो आणि मान वर करून बघत राहतो. आता मी त्याला काय सांगू?