काळ्या पोतीतली पुरचुंडी

आत्मारामने पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि पोटरी सुभेदारांच्या टेबलाकडे वळवली. ओल्या मातीत अंगठा दाबावा तसा तिथे खोलगट खड्डा होता.

सुभेदार स्वतःही निवृत्त. रत्नागिरीत माजी सैनिकांची कामं बघायचे. त्यांनी वाकून जखम पाहिली.

"पराक्रम पदक शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याला मिळतं, हवालदार. तुमच्या नोंदीत 'कड्यावरून पडून इजा' असं आहे."

"गोळा फुटला म्हणून पडलो, साहेब."

"माझा विश्वास आहे. पण वर काय दाखवू? पोटरीत तुकडा राहिला असेल तर एक्स-रे काढू."

"तुकडा बाहेर आला. मी सुट्टीवर होतो. बायको तेल चोळत होती, तिच्या हाताला लागला. तिनेच सुईने काढला."

"मग आहे कुठे?"

"पऱ्याच्या वाहत्या पाण्यात टाक म्हटलं तिला. ती अमंगळ वस्तू घरात कशाला."

सुभेदारांनी कपाळावर हात मारला. "अहो, तोच तर पुरावा! तुकडा असता तर तपासायला पाठवून तुमची केस उभी केली असती. आता कठीण आहे."

पदक आत्मारामपेक्षा त्याच्या बायकोला, चिमालाच हवं होतं. गावात त्याला लंगडा मिलिटरी म्हणत. दारू पिऊन पडला, असंही कोणी म्हणे. चिमा त्यावर विहिरीवर भांडून यायची. आज सकाळी तिनेच त्याला इस्त्रीचा शर्ट काढून दिला होता.

"साहेब काय मागतील ते मला येऊन सांगा," ती म्हणाली होती. "तिथल्या तिथं नाय म्हणून मोकळं होव नका. तुमची सवय म्हायत हाय मला."

खिशातला फोन वाजला. चुलतभाऊ काशीरामचा होता.

"आत्मा, घरी ये. वैनी अंगणात पडली."

"पडली म्हंजे? दवाखान्यात न्या तिला. मी येतोय."

फोनवर काशीरामच्या मागे बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता.

एसटीत शेजारच्या बाईने सांगितलं, तेव्हा आत्मारामला कळलं, की पँटचा एक पाय अजून वरच आहे.

चिमाला ओटीवर निजवलं होतं. बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, कपाळभर कुंकू लावलं. अंगावरचं सोनं काढून ठेवलं. गळ्यात काळी पोत राहिली. पोतीत कापडाची एक लहान पुरचुंडी शिवलेली होती, तेलाने काळी पडलेली. कुठल्याशा देवाचा अंगारा असेल, असं आत्मारामला इतकी वर्षं वाटत होतं.

"ही कापू काय वो?" काशीरामच्या बायकोने विचारलं.

सून राजश्रीने मान वर केली, पण हुंदक्यातून तिला बोलता येईना. ती सासऱ्याकडे बघत राहिली.

"असू दे," आत्माराम म्हणाला. "ती कधी काढायची नाय. जाऊ दे तिच्याबरोबर."

मुलगा रघू मुंबईहून पोचल्यावर तिला नेलं. लाकडं ओलसर होती. काशीरामने आंब्याच्या जुन्या पेट्यांच्या फळ्या आणून मध्ये घातल्या, तेव्हा कुठे आग धरली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेले. दूध-पाणी शिंपडून रघू अस्थी वेचत होता. पेट्यांचे खिळे मध्ये मध्ये लागत, ते तो बाजूला टाकत होता. आत्माराम छातीच्या जागेपाशी उकिडवा बसला. त्याच्या बोटांना काहीतरी टोचलं.

त्याने ते धोतराला पुसलं. लोखंडच होतं. पण खिळा सरळ असतो. हे कोंबड्याच्या नखासारखं वाकलेलं होतं.

"खिळा असेल, बाबा. द्या इकडे."

आत्मारामने मूठ मिटली.

"लागेल हाताला."

"लागू दे."

रघू गाडगं पुढे घेऊन आला. आत्मारामने मूठ गाडग्यात नेली, अस्थींवर उघडली आणि गाडग्याच्या तोंडाला फडकं स्वतः बांधलं. राहिलेली राख काशीरामने पऱ्यात सोडली. गाडगं घराबाहेर फणसाच्या फांदीला टांगलं.

संध्याकाळी राजश्रीने चहा आणून ठेवला.

"पोरी, आईच्या पोतीत काय होतं?"

ती खांबाला धरून उभी राहिली. "तुमचा तुकडा. आमचा समर्थ जन्मला तेव्हा आईंनी तो त्याच्या उशाखाली ठेवला होता. बाळाजवळ लोखंड ठेवतात ना, तसा. मी म्हटलं, विळी ठेवू. तर म्हणाल्या, विळी काय कोणाच्याही घरात असते. हे एका माणसाला मारायला आलेलं नि हरलेलं लोखंड आहे."

आत्मारामने चहाचा कप बाजूला सरकवला.

"पण बाबांना बोलू नको म्हणाल्या. ते ओरडतील, पऱ्यात टाकायला सांगितलेलं. मी त्या दिवशी सांगणार होते हो, पण..."

"तू कशाला रडतेस? असू दे मीच म्हटलं ना?"

दुसऱ्या दिवशी सुभेदारांचा फोन आला. त्यांना बातमी कळली होती. बराच वेळ ते चिमाबद्दल विचारत राहिले. मग चाचरत म्हणाले, "ही वेळ नाही, पण तुमची फाईल मी अजून परत पाठवलेली नाही. घरात एकदा शोधून बघा. बायका टाकत नाहीत हो असल्या वस्तू."

आत्मारामने अंगणात बघितलं. वारा होता. गाडगं हळूहळू फिरत होतं.

"हवालदार? ऐकताय ना?"

"ऐकतोय, साहेब."

"मग काय कळवू वर?"

"सांगतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

दहावं झालं, बारावं झालं. रजा संपत आली तसा रघू दोनदा म्हणाला, बाबा, खाडीवर जाऊन येऊ. आत्माराम उद्या म्हणाला. शेवटी रघू मुंबईला गेला.

सुभेदारांना अजून कळवलेलं नाही. गाडगं फणसालाच आहे. चिमाच्या अस्थी सोडायच्या राहिल्या आहेत.