आतली गुंडाळी

साडूने जळका ट्रान्सफॉर्मर इन्व्हर्टरच्या डब्यासकट टेबलावर आपटला, तसा खोलीभर करपलेल्या वॉर्निशचा वास सुटला. वाइंडरने हातातलं तार गुंडाळायचं काम बाजूला ठेवलं.

"काय हो साडूभाऊ, घरच्या माणसाला असला माल? इन्व्हर्टर चालू केला आणि थोड्या वेळात धूर!"

ट्रान्सफॉर्मरच्या गोल रिंगमधून गेलेला बोल्ट खाली डब्याला कसलेला होता. वरून लोखंडी पट्टी टाकून तीही डब्यालाच आवळली होती. म्हणजे रिंगला लोखंडाचाच एक बंद वेढा. वीज त्यातच फिरत राहिली आणि रिंग भाजून निघाली.

"पट्टी कुणी लावली? वर नुसता रबर ठेवा म्हणून बजावलं होतं ना?"

"हलत होतं हो ते. जरा मजबुती केली." साडूने काजळीत बरबटलेलं बोट वाइंडरच्याच फडक्याला पुसलं. "तुमचं वाइंडिंगच कच्चं, पट्टीला कशाला नावं ठेवता?"

वाइंडरने पक्कड उचलली. वरची जाड तार तो कापत गेला. इनॅमलचे पोपडे गळत होते, बोटांना काळा चिकटा लागत होता. खालची टेप सोलली आणि त्याचा हात थांबला. आतली बारीक तारेची गुंडाळी शाबूत होती, लालसर, चकचकीत. बायको जायच्या आधी दोघांनी मिळून केलेली ही शेवटची रिंग. तो भोकातून तार सारायचा, ती पलीकडून ओढून घ्यायची. वेढा सैल पडला की म्हणायची, "काढा. परत."

"आतलं बरं आहे की!" साडू वाकून बघत म्हणाला. "मग मारा वरून चार वेढे आणि द्या आजच."

पुन्हा याच्या हातात?

"हा राहू द्या. फळीवरचा नवा न्या."

साडूचे डोळे बारीक झाले. "असं कसं? या जळक्यात काहीतरी आहे म्हणायचं!"

"काही नाही. नुसतं तांबं आहे."

"मग तो मोठा द्या."

खरं सांगितलं असतं तर साडूने तिथेच गळा काढला असता, स्मशानात काढला होता तसा, एक डोळा मोबाइलवर ठेवून. वाइंडरने मोठा काढून दिला. साडूने तो दोन्ही हातांत जोखला.

"घरी हिला सांगतो, भावजींनी आपणहून दिला!"

तो गेल्यावर वाइंडरने हात दोनदा धुतले. टेबलाकडे त्याला बघवेना. तिच्या हातचे वेढे होते ते, आणि असल्या माणसासमोर तो त्यांना नुसतं तांबं म्हणाला होता.