पंगतीआधीचं जेवण

महागाव तालुक्यात कुणाच्या घरी लग्नाची तारीख निघाली की मंडपवाल्याच्याही आधी खेमसिंग राठोडला फोन जायचा. तारीख त्याला जमत नसेल तर लोक तारीख बदलायचे, असं त्याच्या बंजारा तांड्यावर अभिमानानं सांगत. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण त्याच्या हातच्या, बेसनाच्या वड्यांच्या पातोडीच्या रश्श्यासाठी लोक वीस-वीस किलोमीटरवरून दुसऱ्यांच्या लग्नाला यायचे, हे मात्र खरं. पळीतला उकळता रस्सा तो तळहातावर ओतायचा, जिभेनं टिपायचा, आणि मान एकदा हलली की भट्टीखालचं लाकूड ओढलं जायचं.

आचाऱ्याचं स्वतःचं जेवण मात्र सगळ्यांत शेवटी. पाहुणे जेवले, घरचे जेवले, बँडवाले जेवले, की रात्री अकरा-साडेअकराला खेमसिंग गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, तळाशी उरलेल्या तर्रीत गार पोळ्या चुरायचा, भराभर खायचा आणि तिथंच भट्टीजवळ पोती अंथरून आडवा व्हायचा. सव्वीस वर्षं हाच शिरस्ता. दिवसभर गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि तासातासाला चहा, तो वेगळाच.

छातीत आग व्हायची. तिचं त्याला काहीच वाटायचं नाही. 'भट्टीपाशी बसणाऱ्याले आग नाही होईन तं कोणाले होईन?' असं म्हणून तो हसायचा. शर्टाच्या खिशात खाण्याच्या सोड्याची पुडी असायची, ती पाण्यात टाकून प्यायची, मोठा ढेकर द्यायचा, झालं. पण अलीकडे झोपेत आंबट पाणी घशाशी यायचं आणि तो खोकत उठून बसायचा. त्याची बायको गंगी पाठ चोळायची. सकाळी आवाज असा बसलेला असायचा, की फोन गंगीलाच घ्यावा लागे.

एका माघात शेतावर रोडग्यांचा कार्यक्रम होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला कणकेचा रोडगा कुस्करून त्यावर तूप घालून खेमसिंगनं पहिला घास घेतला, आणि तो छातीच्या मधोमध अडकला. खाली जाईना, वर येईना. पाणी प्यायला तर तेही परत आलं. तो कडुलिंबामागं जाऊन छातीवर बुक्क्या मारत उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बऱ्याच वेळानं घास उतरला. मागं वळून पाहिलं तर मानीबाई उभी होती.

मानीबाई जवळच्या कोलामांच्या वस्तीवरची, पोडावरची. खेमसिंगच्या प्रत्येक कामावर पोळ्यांची बाजू तिची. बरोबर तीन बाया आणायची आणि पहाटेपासून परातीपुढं बसायची. वीस वर्षांत दोघांचं कामाशिवाय फारसं बोलणं झालं नसेल.

"किती दिवसापासून अडकते?" तिनं विचारलं.

"आज पयल्यांदा."

"खोटं नोका बोलू, खेमभाऊ. तुमी दिवाळीपासून घास पाण्यासंगं ढकलून राह्यले. मी पाह्यतो न." ती जवळ आली. "आमच्या घरच्या माणसाचं असंच होतं. अडकते म्हणत. आमी समजलो, वारा धरला असन. दवाखान्यात नेलं तवा वरणाचं पाणीबी उतरत नव्हतं."

खेमसिंगनं तिच्याकडे पाहिलं नाही. "जाईन मी दवाखान्यात," एवढं म्हणून तो भट्टीकडे गेला. आणि अर्थातच गेला नाही.

पंधरा दिवसांनी एका साखरपुड्याचं काम होतं. तीनशे माणूस. वरण उकळत होतं, वांगी चिरून झाली होती, आणि मानीबाई पुढ्यात परात घेऊन, परातीत पीठ घेऊन, हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्या तिन्ही बायाही तशाच.

"कणीक काहून नाही भिजवली अजून? पाव्हणे येऊन राह्यले!"

"येऊ द्या. पह्यले सांगा, यवतमाळले कधी जाता?"

"मानीबाई, मजाक करू नोको. माही इज्जत जाईन."

"इज्जत जाईन तं पुन्ना येईन. माणूस नाही येत." ती जागची हलली नाही. "सेवाभायाची आन घ्या. मंगळवारी जातो म्हना."

तांड्याच्या संताचं, सेवाभायाचं नाव खेमसिंगनं उगीच कधी घेतलं नव्हतं. त्यानं आजूबाजूला पाहिलं. मुलीचा बाप मंडपातून याच दिशेला येत होता. "जातो, मंगळवारी जातो, सेवाभायाची आन," तो घाईनं म्हणाला. तेव्हा कुठं मानीबाईनं पिठात पाणी ओतलं.

मंगळवारी तो आणि गंगी एसटीनं यवतमाळला गेले. पोटाच्या डॉक्टरीण बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दुर्बीण टाकून बघावं लागेल म्हणाल्या. उपाशीपोटी यायचं होतं म्हणून दुसऱ्या दिवसाची वेळ दिली. घशात कडूजहर औषध फवारलं, एका कुशीवर निजवलं, आणि करंगळीएवढी काळी नळी तोंडातून आत गेली. खेमसिंगला ओकारीवर ओकारी येत होती. डोक्याशी उभ्या असलेल्या नर्सनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "नाकानं श्वास घ्या काका, झालंच." तो हात नंतर कितीतरी दिवस त्याला आठवत राहिला. नर्सचं नाव विचारायचं राहून गेलं होतं.

आतले बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले होते. रिपोर्टला दहा दिवस.

ते दहा दिवस खेमसिंगनं एकही काम घेतलं नाही. पाचव्या दिवशी त्यानं गंगीला जवळ बसवलं. "हजार माणसाच्या पातोडीले खसखस किती, सुकं खोबरं किती, हे मी कोणाले सांगतलं नाही. तुले सांगून ठेवतो."

गंगी उठून उभी राहिली. "मी नाही ऐकत."

"ऐक न. उद्या मी नसलो तं..."

"नाही ऐकत म्हटलं न!" ती कानावर हात ठेवून अंगणात निघून गेली आणि शेळीला उगाचच चारा टाकत बसली. खेमसिंग एकटाच घरात बसून राहिला. सव्वीस वर्षांचं माप त्याच्या तोंडातच राहिलं.

अकराव्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी कागद वाचला आणि आधी एकच वाक्य म्हणाल्या, "काका, कॅन्सर नाही."

गंगीनं पदर डोळ्यांना लावला. 

"पण ऐका. याला बॅरेट्स म्हणतात." त्यांनी कागदावर अन्ननलिका काढून दाखवली. "पोटातलं ॲसिड वर्षानुवर्षं वर येत राहिलं. नळीचं आतलं नाजूक अस्तर जळत राहिलं, सुजलं, म्हणून घास अडकायचा. शेवटी शरीरानं तिथं दुसरंच अस्तर तयार केलं, आतड्यासारखं, ॲसिडला टिकणारं."

खेमसिंगनं चित्रावर बोट ठेवलं. "म्हंजे, चुलीवर गंज चढवायच्या आधी आमी बाहेरून मातीचा लेप देतो, जळू नाही म्हणून. तसं?"

डॉक्टरीण बाई हसल्या. "अगदी तसंच समजा. पण हा लेप जिथं नको तिथं बसलाय. बहुतेकांचा आयुष्यभर गप बसतो. थोड्या लोकांचा मात्र बिघडतो, त्यातून कॅन्सर होऊ शकतो. तुमचा अजून बिघडलेला नाही. म्हणून गोळी रोज घ्यायची आणि तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण करायची. लक्षात आलं? हे लवकर दाखवलंत, ते फार बरं केलंत."

"मी नाही केलं, मॅडम," खेमसिंग म्हणाला. "आमच्या पोळ्यावाल्या बाईनं केलं."

बाहेर येऊन तांड्यावर फोन लावला तेव्हा रोगाचं नाव त्याच्या तोंडात नीट बसेना. "मले बॅरिस्टर झाला म्हंते," त्यानं सांगितलं, आणि तो घरी पोचेपर्यंत अख्ख्या तांड्यानं त्याचं नाव बॅरिस्टर ठेवून टाकलं होतं.

पथ्य मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी गोळी, मग अर्धा तास काही नाही. खर्रा बंद. पोटाचा घेर कमी करायचा. चहा दोन वेळा. तिखट-तेलकट बेतानं. गंगीनं खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा लावल्या. पहिल्या रात्री दोघं झोपेत घसरत घसरत पायथ्याशी आले आणि पहाटे एकमेकांकडे बघून हसत सुटले. खर्रा सुटायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत खेमसिंग इतका चिडचिडा झाला, की गंगी एकदा दोन दिवस माहेरी जाऊन आली.

सगळ्यात अवघड अट होती ती रात्रीच्या जेवणाची. झोपायच्या तीन तास आधी जेवायचं. म्हणजे आचाऱ्यानं पंगतीच्या आधी जेवायचं! खेमसिंगच्या बापानंही हेच काम केलं होतं. त्यानं शिकवलेली पहिली गोष्ट हीच, की पाहुण्याच्या आधी आचाऱ्याच्या तोंडात चवीशिवाय काही जाता कामा नये. खेमसिंगनं ठरवलं, कामाच्या दिवशी रात्री उपाशीच राहायचं.

त्यानंतरचं पहिलं लग्न शेजारच्या गावच्या विठ्ठलरावांच्या घरचं होतं. त्यांच्या नातीचं. सहा वाजता मानीबाईनं ॲल्युमिनियमच्या ताटलीत वरण, भात, बिनातर्रीची भाजी आणि दोन पोळ्या वाढल्या आणि ताटली खेमसिंगपुढं ठेवली.

"मी नाही जेवत," तो दबक्या आवाजात म्हणाला. "लोक काय म्हंतीन?"

"जेवा. नाई तं कणीक अजून पन्नास किलो बाकी हाये."

तिचा काही भरवसा नव्हता. खेमसिंग मंडपाच्या कापडाआड, उभ्यानंच, चोरासारखा घास घेऊ लागला. दुसरा घास तोंडात असतानाच वराकडचा एक पाहुणा पाणी शोधत मागं आला आणि ओरडला, "अरे! देवाले निवद नाही अन् आचारी जेवून राह्यला!"

आवाज ऐकून चार माणसं जमली. खेमसिंगनं ताटली खाली ठेवली.  सव्वीस वर्षांत असा बोल त्यानं कधी ऐकून घेतला नव्हता. मानीबाईनं लाटणं हातात घेऊनच सगळं सांगितलं, दुर्बीण, गोळी, तीन तास, सगळं. तिचं संपेपर्यंत विठ्ठलरावांची बायको, लीलाबाई, गर्दीतून पुढं आल्या होत्या.

"निवद मी मघाशीच काढून नेला," त्या पाहुण्याला म्हणाल्या. "तुमी मंडपात बसा, पाणी पाठवतो." मग खेमसिंगकडे वळून त्यांनी ताटली उचलली, स्वतःच्या हातानं त्यात वरण वाढलं. "उभ्यानं काहून जेवता? माह्या नातीच्या लग्नात अन्न शिजवणारा असा लपून जेवला तं मले कसं वाटन? बसा." आणि आतून पाट मागवला.

खेमसिंग पाटावर बसला. एकट्यानं जेवताना त्याला कसंसंच झालं. त्यानं मान वर करून पाहिलं, मानीबाई आणि तिच्या बाया, भाज्या चिरणारे दोघे, सगळे उभे होते. "तुमीबी बसा न," तो म्हणाला. "एकटा कसा जेवू?"

तव्यावरच्या पोळ्या तशाच ताटात आल्या. सगळे बसले. दहा मिनिटांत उठले, हात धुतले आणि कामाला लागले. पंगत वेळेवर बसली, कुणाला काही कमी पडलं नाही. उलट भाज्या चिरणाऱ्या पोरांचा रात्रीचा कुरकुरीचा सूर त्या दिवशी नव्हता.

सामान आवरताना मानीबाई परात घासत होती. घासता घासता सहज म्हणाली, "लग्नात गरम पोळी खाल्ली मी आज. पयल्यांदा."

खेमसिंगला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हटलं?"

"हजार-हजार पोळ्या करतो आमी. आमच्या वाट्याले येते तवर गार होऊन चिवट झाल्या राह्यते. आज गरम खाल्ली. वरणबी गरम होतं."

एवढंच बोलून ती परात उचलून गेली. खेमसिंग पळी हातात धरून उभा राहिला. वीस वर्षं ही बाई त्याच्यासमोर चिवट पोळी चावत होती आणि ते त्याच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. लाजही वाटली आणि कुठून तरी फार हलकंही वाटलं. त्यानंतर कुणाचंही काम घेताना तो पहिली अट सांगू लागला, साडेसहाला माझी माणसं बसून जेवतील, मग पंगत. दोन-चार जणांनी तोंड वाकडं केलं. बाकीच्यांनी मुकाट्यानं पाट मांडले.

तीन वर्षं अशीच गेली. आग पूर्ण गेली असं नाही. एखाद्या दिवशी मोह व्हायचा, रस्सा जास्त पोटात जायचा आणि रात्री घसा त्याची आठवण द्यायचा. पण झोप लागायची. पहाटे फोन आला की स्वतःच्या आवाजात "बोला" म्हणता यायचं. या साध्या गोष्टीचंही त्याला अप्रूप वाटायचं.

यंदा फाल्गुनात दुसरी दुर्बीण झाली. पुन्हा तुकडे, पुन्हा दहा दिवस. या वेळी त्यानं गंगीला काही सांगायला बसवलं नाही, दोन कामं केली. डॉक्टरीण बाईंनी कागद वाचून सांगितलं, "होतं तेवढंच आहे, काही बिघडलं नाही. पुन्हा तीन वर्षांनी या."

दोघं परतीच्या एसटीत बसले. मानीबाईच्या पोडाचा फाटा आला तसा खेमसिंग उठला आणि कंडक्टरला म्हणाला, "इथंच उतरतो."

मानीबाई अंगणात तूर पाखडत होती. दोघांना पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं. खेमसिंगनं वाटेत बरंच काही ठरवलं होतं बोलायचं. पण तो सुपातल्या तुरीचे दाणे निवडायला लागला.

"काय म्हटलं मॅडमनं?" तिनंच विचारलं.

"चांगलं हाये म्हंते."

गंगी पुढं झाली आणि तिनं मानीबाईचे दोन्ही हात धरले, तुरीच्या धुळीनं भरलेले. "बाई, तू त्या दिवशी कणीक भिजवली असती तं आमी गेलोच नसतो," ती म्हणाली आणि रडू लागली. मानीबाई अवघडली. "अवं, मी कायले... हात भरले हाये माहे," असं म्हणत राहिली, पण हात सोडवून घेतले नाहीत.

मग तिनं खेमसिंगकडे बघितलं. "चहा नाही देत. तुमचा दोन वेळचा झाला असन. भाकर टाकतो. दिवस हाये अजून, आत्ता जेवून घ्या."

ती चुलीपाशी बसली. गंगीही तिच्याजवळ जाऊन बसली आणि पीठ मळू लागली. खेमसिंग ओसरीवर बसला. वीस-बावीस वर्षांत तो प्रथमच मानीबाईच्या घरी जेवत होता. पुढ्यात ज्वारीची गरम भाकर आली, मुगाचं घट्ट वरण आलं. त्यानं लहान घास घेतला, सावकाश चावला. घास सरळ खाली उतरला.

"मीठ बरोबर हाये न?" चुलीपासून मानीबाईनं विचारलं.

"बरोबर हाये," खेमसिंग म्हणाला, आणि अर्धी भाकर अजून मागितली.