झरोक्यातला बोळा

“स्टूल नीट धर गं. पडले तर तुझ्याच अंगावर पडेन,” हेटी क्राउचर वरून म्हणाली.

नोरीनने एका हाताने स्टूल धरलं. दुसऱ्या हातावर तिचा पाच महिन्यांचा टेरी होता. छताखालच्या लोखंडी जाळीत हेटीने कापडाचा बोळा कोंबला, अंगठ्याने कडा दाबल्या आणि वारा येतो का ते तळहात लावून पाहिलं. येत नव्हता.

“झालं. आता अंघोळ कर राणीसारखी.”

“प्रुएटसाहेबांनी सकाळीच काठीने काढला होता तो. झरोका उघडाच ठेवा म्हणाले. नव्या गिझरला हवा लागते म्हणे.”

“त्यांच्या काठीला दुसरं काम काय? आधीचे साहेबही काढायचे. साहेबांनी काढायचा, आपण घालायचा. माझ्या आईच्या वेळेपासून चाललंय. आणि तिनं सहा पोरं वाढवली इथं.”

ते खरंच होतं. लंडनच्या बर्मंडसीतल्या आमच्या हॅलोवेल बिल्डिंगी एका धर्मादाय ट्रस्टने गरीब कामगारांसाठी बांधल्या, तेव्हा कोंडलेल्या हवेने रोग होतात अशी बांधणाऱ्यांची समजूत होती. म्हणून प्रत्येक खोलीत आणि मजल्यावरच्या सामायिक मोरीत त्यांनी एक झरोका ठेवला, आणि भाडेकरूला तो लावून घेता येऊ नये म्हणून त्याला झडप दिली नाही. जिन्याच्या भिंतींना कमरेपर्यंत तपकिरी चकचकीत विटा, पुसायला सोप्या. त्या दात्यांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त जानेवारीचा नाही. पहिल्याच हिवाळ्यात कुणीतरी झरोक्यात चिंध्या कोंबल्या असतील, आणि मग ती रीतच पडली. खालच्या मजल्यावर राहणारे ट्रस्टचे देखरेखीचे साहेब, सध्या प्रुएटसाहेब, ते बोळे काठीने पाडत फिरायचे.

हेटी बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरायची. याच जिन्यावर जन्मली, आपल्या खोलीतच तिने आईचं शेवटचं आजारपण काढलं. लग्न केलं नाही. जिन्यावर नवं बिऱ्हाड आलं, की पिशवीभर मोडकी बिस्किटं आणि झरोक्यांच्या मापाचे बोळे घेऊन ती दारात उभी राहायची. चिंध्यांची वेणी घालायची, ती गुंडाळायची, वरून जाड कापड शिवायचं. तसा बोळा दुसऱ्या कुणाला जमत नसे.

पानगळीच्या सुमारास ट्रस्टने मोऱ्यांची न्हाणीघरं केली. टब आला, भिंतीवर गॅसचा गिझर आला. शेगडीपुढे पत्र्याच्या टबात बसून अंघोळ करण्यात आयुष्य गेलेली माणसं नुसता नळ सोडून बघत उभी राहायची. त्या हिवाळ्यात नदीच्या कडेलाही बर्फ धरला होता आणि न्हाणीघराची खिडकी चौकटीत गोठून बसली होती.

“मावशी, गेल्या शनिवारी अंघोळीनंतर डोकं असं ठणकलं म्हणून सांगू!” नोरीन म्हणाली. “पाय तर मेणाचे झाले होते.”

“टबात इतकं लोळल्यावर काय होणार? गरम पाण्याची सवय नाही तुला. आण तो पोरगा इकडे.”

नोरीनने गिझर पेटवला. आतली ज्योत लांब आणि पिवळी होती. वरच्या नव्या चुन्यावर काजळीचं एक बोट उठलं होतं.

“आधी निळी होती ना गं ही?” हेटीने विचारलं.

“पिवळी बरी दिसते. बघूनच ऊब येते.”

“तुझा नवरा यायच्या आत आटप. नाहीतर गोदीतून येईल आणि म्हणेल, चहा कुठाय, बायको कुठाय.”

“आधी चहाच विचारेल!” नोरीन हसली. दाराला आतून कडी लागली.

न्हाणीघराचा सांडपाण्याचा नळ हेटीच्या खोलीच्या कोपऱ्यातून खाली जायचा. कुणाची अंघोळ आटोपली, की त्यातून पाणी घळघळत जायचं आणि हेटी किटली चढवायची. त्या दिवशी तिने आधीच चढवली. टेरीला मांडीवर नाचवलं. बोट चहात बुडवून त्याच्या ओठांना लावलं. त्याने तोंड वाकडं केलं तशी ती हसली. चहा निवला. नळ गप्प होता.

“निवांत पडलीय तुझी आई,” ती टेरीला म्हणाली.

थोड्या वेळाने तिने नळावर हात ठेवला. तो गार होता.

ती जिन्यात आली. दाराखालून उजेड येत होता, आणि गिझरचा तो एकसुरी आवाज.

“नोरीन? अगं, पोरगं रडतंय.” पोरगं रडत नव्हतं. “नोरीन!”

खालून प्रुएटसाहेब धावत आले. तिसऱ्या धक्क्याला कडी निघाली. गॅस बंद करायच्याही आधी त्यांनी काठी उगारून झरोक्यातला बोळा खाली पाडला आणि मग नोरीनला बाहेर ओढलं. त्या हिवाळ्यात जिन्यावरचा एकूण एक चेहरा निळा-पांढरा पडला होता. नोरीनचे गाल मात्र गुलाबी होते, मोकळ्या हवेत लांब फिरून आल्यासारखे. ते बघून हेटीला क्षणभर हायसं वाटलं.

तो रंगच कोंडलेल्या खोलीत गिझरने सोडलेल्या विषारी वायूचा होता. नोरीन आधीच गेलेली होती.

सोमवारी चौकशीचा माणूस आला. त्याने झरोका पाहिला, धुराडं पाहिलं, बोळा हातात घेऊन तो जिन्यात आला. निळ्या कापडावर पांढरी फुलं. ते कापड हेटीच्या खिडकीवर अनेक वर्षं लटकत होतं, आणि जिन्यावरच्या सगळ्यांना ते माहीत होतं. सगळे जण विटांकडे बघत राहिले.

“हा कुणी बसवला?” त्याने विचारलं.

“काही सांगता येणार नाही,” प्रुएटसाहेब म्हणाले. “जुनं बांधकाम आहे, साहेब. आधीच्या कुणी भाडेकरूने घातला असेल.”

त्यांनी हेटीकडे पाहिलंही नाही. हेटी दोन पायऱ्या खाली आली.

“माझा आहे,” ती म्हणाली. “माझ्या पडद्याचा. शनिवारी मीच बसवला. साहेबांनी काढलेला होता.”

त्याने लिहून घेतलं. बोळा पिशवीत घातला. टेरीला त्याची आजी आदल्याच दिवशी घेऊन गेली होती.

संध्याकाळी जिन्यावरची दारं एकेक करून उघडली. जो तो आपापले बोळे जिन्यातल्या कचरा खाली सोडायच्या नळीत टाकून गेला. कापडाचेच ते, पडल्याचा आवाजही झाला नाही.

हेटी आपल्या खोलीत ओव्हरकोट आणि टोपी घालून उघड्या झरोक्याखाली बसली होती. समोर चहा होता. जाळीतून येणारा वारा त्याची वाफ एका बाजूला वाकवत होता.