पैलवानाचा उपास

माझ्या धाकट्या दिराला मासे पाळायची हौस आहे, म्हणजे विकत आणायची. टाकीचं पाणी बदलायचं मी, काच पुसायची मी, खायला घालायचं मी. त्याचा ऑस्कर मासा, पैलवान, आता माझ्या पंजाएवढा झालाय. टाकीत दुसऱ्या कुणाला टिकू देत नाही, पण मी खाद्याचा डबा उघडला की लगेच वर येतो.

सोमवारी दिराने तो डबाच ऑफिसच्या बॅगेत टाकला.

"शनिवारी साहेब जेवायला येतायत. तोवर पैलवानाला काही द्यायचं नाही, वहिनी. मग मी जिवंत गोल्डफिश सोडतो. बघा कसा तुटून पडतो."

"आणि तोवर त्याने काय खायचं, भाऊजी?"

"अहो, शिकारी मासा आहे तो. त्याला काही होत नाही."

स्वतःचा चहा जरा लांबला, तर हाच माणूस घर डोक्यावर घेतो.

पैलवानाने आधी नुसती वाट पाहिली. मग मी जाईन तिकडे काचेलगत फिरू लागला. पुढेपुढे तर तळातले खडे तोंडात धरून काचेवर आपटायला लागला. भाजी चिरताना ती टकटक मला ऐकवेना. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणे, "त्याचा मासा, तो बघेल. तू कशाला मध्ये पडतेस?" माझं डोकंच फिरलं.

शनिवारी दीर गोल्डफिशची पिशवी आणि साहेबांसाठी कोळंबी घेऊन आला. कोळंबी सोलायला अर्थातच माझ्याकडे. तो आंघोळीला गेला आणि मी सोलता सोलता एकेक टाकीत सोडत गेले. पैलवानाने पोट तट्ट होईपर्यंत खाल्लं.

जेवणं अर्ध्यावर आली, तेव्हा सगळे हातात ताटं घेऊन टाकीसमोर जमले. मोबाइल वर झाले. दिराने गोल्डफिश सोडले. एक तर पैलवानाच्या अगदी तोंडासमोरून गेला. पैलवानाने त्याच्याकडे पाहिलं आणि सावकाश माझ्या बाजूच्या काचेशी येऊन थांबला. दीर काचेवर टिचक्या मारत राहिला.

"आजारी आहे का हो?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तुमच्या आधी जेवलाय. कोळंबी कमी वाटली असेल, ती त्याच्या पोटात आहे."

दिराचे कान लाल झाले. मी सगळ्यांदेखत हात पुढे केला.

"खाद्याचा डबा द्या, भाऊजी. सकाळी त्याला पुन्हा भूक लागेल."