फाटकात अडवलेली शववाहिका

मी एक जुनी शववाहिका आहे, मित्रांनो, आणि खरं सांगते, माणसांना पुरती कंटाळले आहे. मेलेल्यांना नव्हे, ती बिचारी गुपचूप पडून असतात. कंटाळले आहे त्यांना पोहोचवायला येणाऱ्यांना.

माझा जन्म खरं तर पाव वाहण्यासाठी झाला होता. पाच वर्षं मी दुकानोदुकानी पाव पोहोचवले. मुलं माझ्यामागे धावायची. मग एका रुग्णालयाने मला विकत घेतलं, फळ्या काढल्या, पोलादी तक्ता बसवला. तेव्हापासून मी दिसले की मुलांना आया घरात ओढतात. माझा चालक इतका सावकाश गाडी हाकतो की सगळे त्याला हळूनाना म्हणतात.

वीस वर्षांत मी सगळ्या धर्मांची माणसं वाहिली. मुसलमानांकडे घाई असते. आंघोळ घालून, कापूर लावून, पांढऱ्या कापडात गुंडाळून शक्यतो त्याच दिवशी दफन. हिंदूंकडे अग्नी देणाऱ्याची वाट बघतात. ख्रिस्ती शवपेटी आणतात, फुलं आणतात. एका यहुदी घरी सात दिवस आरसे झाकून ठेवलेले हळूनानाने पाहिले. याचा मला कधीच त्रास झाला नाही. त्रास एकाच प्रश्नाचा. प्रत्येक जण हळूनानाला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "आमच्या आधी हिच्यात कोण होतं?" मग फिनेल ओतून मला पुन्हा धुतात. धुऊन धुऊन माझा तळ गंजला, पण त्याला रंग लावावा असं एकालाही सुचलं नाही.

गेल्या महिन्यात तर कहर झाला. कपडे शिवून पोट भरणाऱ्या एका बाई वारल्या. जन्माने हिंदू, लग्न केलं ख्रिस्ती सुताराशी. सुतार आधीच गेला होता. मागे एकुलती एक मुलगी. चार वाजता दफन ठरलं होतं. शवपेटी आत ठेवली, हळूनानाने गाडी सुरू केली, आणि इमारतीच्या फाटकात एक सत्तरीचे गृहस्थ हात पसरून माझ्यासमोर उभे राहिले.

ते बाईंचे थोरले भाऊ. लग्न झाल्यापासून बहिणीशी त्यांनी अबोला धरला होता. मुलीने त्यांना फक्त फोटोत पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं एकच, आमच्यात पुरत नाहीत, हिला अग्नी मिळालाच पाहिजे. मुलगी म्हणाली, आईने बाबांशेजारची जागा स्वतः ठरवली आहे. शेजारीपाजारी जमले, दोन्ही बाजूंनी सल्ले सुरू झाले. एकाने तर माझ्या बॉनेटवर कोपर टेकून धर्म समजावून सांगितला. तासभर हेच. पाद्रीबाबांचे दोन फोन येऊन गेले. माझं इंजिन तापलं, आणि माझं डोकं त्याहून जास्त.

शेवटी हळूनाना खाली उतरला. त्याने वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "साहेब, बहिणीचं तोंड बघितलंत का?"

त्यांनी बघितलं नव्हतं. आल्यापासून ते माझ्या पुढच्या काचेशीच भांडत होते.

हळूनानाने मागचं दार उघडलं आणि मुलीला विचारून पेटीचं झाकण सरकवलं. भाऊ वाकले. मग पुटपुटले, "एवढी म्हातारी कधी झाली ही?"

त्यांच्या डोळ्यांसमोर बावीस वर्षांची बहीण होती.

मुलगीही रागावलेलीच होती. "मामा, तुम्ही एक पत्र टाकलं असतंत, तर ती वेडी झाली असती आनंदाने," ती म्हणाली. मामांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "जाळायचं नाही, हे नक्की. पण खांद्याला एक माणूस कमी आहे."

मामा माझ्यात, पेटीशेजारी बसून आले. त्यांनी खांदा दिला. पेटी खाली सोडण्याआधी बहिणीच्या ओठांवर पाणी घालू का, असं त्यांनी पाद्रीबाबांना विचारलं. पाद्रीबाबांनी झाकण उघडायला लावलं. मग सगळ्यांबरोबर त्यांनीही मूठभर माती टाकली.

दहाव्या दिवशी हळूनाना रुग्णालयाचे कागद द्यायला बाईंच्या घरी गेला. मला खिडकीतून दिसलं. काळ्या कपड्यांतली मुलगी, आणि समोर डोक्याचा गोटा केलेले मामा. दोघं बाईंचे जुने फोटो बघत होते. मामा प्रत्येक फोटोला विचारत होते, "हा कधीचा?"

मित्रांनो, अग्नी हवा की माती, ते धडधाकट असतानाच घरच्यांना सांगून ठेवा. आणि कोणाशी अबोला असेल तर आजच त्याच्या घरी जा. भेटायला माझ्या मागच्या दाराची वाट बघू नका. तिथे दोघं भेटतात खरं, पण बोलायला एकच उरलेला असतो.