उरलेला स्क्रू

पितळी, नखाएवढा, खाच थोडी झिजलेली… कीबोर्डच्या कडेला तिनं तो उभा केला, तो आडवा झाला, तिनं पुन्हा उभा केला. सकाळी बाबांनी घरातल्या सगळ्या कपाटांच्या मुठी आवळल्या, तेव्हा हा एक बशीत राहिला होता. "एक उरला म्हणजे कुठेतरी एक कमी असणार," ते म्हणाले होते, "सापडेल हळूहळू." आणि ते चहा गाळायला वळल्याबरोबर तिनं तो उचलून पर्समध्ये टाकला होता — चाळिशी उलटलेल्या बाईनं, बापाच्या बशीतून, चोरासारखा.

कारण त्याची जागा तिला ठाऊक होती. जेवणाच्या टेबलाखाली, डावीकडच्या पायाला. तो तिथे बसला की घरातली दुरुस्ती संपली. बाबांचा मोतीबिंदू काढलेला डोळा तर केव्हाच ठणठणीत झाला होता, आणि डोळ्यासाठी आलेला माणूस डोळा बरा झाल्यावर आपल्या घरी जातो… आई गेल्यापासून रिकाम्या वाटणाऱ्या घरी. त्यांनी इथेच राहावं असं तिला फार वाटत होतं, म्हणूनच तर विचारायचा धीर होत नव्हता.

समोर उंदरावरचा शोधनिबंध उघडा होता. माणूस, उंदीर अशा सस्तन प्राण्यांत कुठला मायक्रोआरएनए कुठल्या जनुकाला गप्प करतो, हे निबंधांतून वाचून, पारखून डेटाबेसमध्ये भरायचं, हे तिचं काम. जनुकाचा निरोप पेशीत लिहून तयार असतो. मायक्रोआरएनएचा एवढासा धागा जाऊन त्या निरोपाच्या शेपटाला चिकटतो आणि निरोप वाचलाच जात नाही. जोडी जुळेल असा संगणकाचा नुसता अंदाज चालत नाही. चिकटायची जागा बदलून पाहावी लागते, आणि मग निरोप पुन्हा वाचला जाऊ लागला तरच ती जोडी खरी. शिवाय प्रत्येक निबंध तिनं आणि शेजारी बसणाऱ्या जोडीदारणीनं वेगवेगळा वाचायचा, त्याबद्दल चकार शब्द न बोलता — एकीचं मत दुसरीला लागू नये म्हणून. हे काम तिला मनापासून आवडायचं. कुणीतरी कुठेतरी एवढी बारीक गोष्ट निगुतीनं पाहिली आहे, याचंच तिला रोज बरं वाटायचं.

पण बाबांचं काय? येताना रेडिओ आणलाय, म्हणजे राहणार… पण बॅग अजून पलंगाखालीच आहे, कपाटावर गेलेली नाही. नव्या चपला घेतल्या — त्या प्रवासालाही चालतात, राहायलाही. 'हळूहळू' म्हणाले. जायच्या घाईतला माणूस हळूहळू म्हणेल का? पण हाही अंदाजच.

"सरळ विचार की त्यांना," शेजारची जोडीदारीण म्हणाली. निबंध सोडून बाकी सगळ्या जगाबद्दल ती बोलायची, आणि बाबांचंही तिला सगळं ठाऊक होतं.

"विचारलं तर हो म्हणतील. मला बरं वाटावं म्हणून."

"मग म्हणू देत ना. बाप आहे तो, उंदीर नाही."

तिला हसू आलं, आणि हसता हसताच कालचं रात्रीचं ताट आठवलं. बाबा घास हातात धरून म्हणाले होते, "मी काय म्हणतो…" आणि परवाही म्हणाले होते. दोन्ही वेळा तिनं घाईघाईनं विचारलं होतं, आणखी वाढू का? भूक नसताना त्यांनी वाढून घेतलं, आणि बोलणं तिथेच राहिलं… म्हणजे निरोप तर केव्हाचा तयार आहे. शेपटाला मीच चिकटून बसलेय, तिच्या मनात आलं.

तिनं नोंद भरली: उंदरात सिद्ध, माणसात नुसता अंदाज. स्क्रू मुठीत घेतला.

घरी आली तेव्हा बाबा टेबलाखाली होते, हातात बॅटरी. "जागा सापडली," आतून आवाज आला, "आता स्क्रूच सापडेना."

"माझ्याकडे आहे."

ते बाहेर डोकावले. नव्या डोळ्यानं त्यांनी तिच्या तळहाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि स्क्रू घेऊन पुन्हा टेबलाखाली वळले. तो बसला. तिच्या खांद्याचा आधार घेऊन ते उठले, खुर्चीत टेकले, टेबल हलवून पाहिलं. ते हललं नाही.

"मी काय म्हणतो…"

चहा टाकू का, हे तिच्या ओठांवर आलंच होतं. तिनं ते गिळलं, समोरची खुर्ची ओढली आणि बसली. राहतो म्हणोत की निघतो म्हणोत, त्यांचं ते बोलणं तिला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचं होतं.